रुमाल टाकलेली जागा

कांचन,

तुझ्या नावापुढे 'डॉ.' लागलं. हयातीत तू ते कुणाला लावू दिलं नाहीस. प्रबंध दिलाय, तोंडी परीक्षा व्हायची आहे, तोवर मी नुसती कांचन, असं तू सांगायचीस. आता तू हरकत घेऊ शकत नाहीस हे गावचे पुढारी गजाननराव यांच्या लक्षात आलं आणि तेरवीच्या आदल्या दिवशी साखरखेर्ड्यात, तुमच्या घरासमोरच्या विजेच्या खांबाला, फ्लेक्स लागला. फोटो तुझ्या सत्काराच्या दिवशीचा. खांद्यावरची शाल दिसते, आणि शालीवर गजाननरावांच्या हाताची चार बोटं. फोटोतून त्यांना कापलं खरं, पण बोटं राहून गेली. मागे पत्त्यातल्या बदामासारखं लालभडक हृदय. आणि खाली ठळक अक्षरांत: 'हृदयरोगावरील संजीवनीच्या शोधकर्त्या'.

संजीवनी हा शब्द मी वाचला तेव्हा तुझं उत्तर मला ऐकू आलं. हेच गजाननराव सत्काराच्या भाषणात संजीवनी म्हणाले होते आणि तू घरी येऊन मला म्हणाली होतीस, "मामा, हनुमानानं निदान पहाड तरी आणला. माह्याजवळ एवढुश्या नळीत पांढरी भुकटी हाय, अन् तेही टिकून नाही राह्यली."

मला स्मरणिकेसाठी दोन पानं लिहायला सांगितलं आहे. मेहकरला कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस अशा कामाला हक्काचा. जन्म, शिक्षण, पुणे, पुरस्कार, अकाली निधन, भावपूर्ण श्रद्धांजली. ती दोन पानं लिहून दिली. हे त्यात न बसलेलं. हे तुला लिहितोय, कारण तू गेल्यावर तुमच्या घरात एक गोष्ट झाली, आणि ती निस्तरायला तू नाहीस. आबांनी हृदयाच्या गोळ्या पुन्हा बंद केल्या होत्या.

*

तू काय करायचीस हे मला पहिल्यांदा कळलं ते मेहकरच्या बसस्टँडवर. तू पुण्याहून आली होतीस, मी जानेफळहून, आणि दोघांना साखरखेर्ड्याची गाडी धरायची होती. बाजाराचा दिवस. गाडी फलाटाला लागायच्या आत माणसं धावली आणि खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडायला लागल्या. एका बाईनं तर लेकराचं टोपडं टाकलं. आपण दोघं सुशिक्षित असल्यामुळे दाराशी रांगेत उभे राहिलो आणि साखरखेर्ड्यापर्यंत उभेच गेलो.

गाडीत एका रिकाम्या जागेवर चौकडीचा रुमाल होता. त्याचा मालक खाली चहा पीत राहिला असावा, कारण गाडी सुटली तरी तो आला नाही. पुढच्या थांब्यापर्यंत ती जागा रिकामी आणि तिच्याभोवती माणसं उभी. कुणी रुमालाला हात लावला नाही. तू माझ्या कोपराला धक्का दिलास.

"मामा, हे पाहा. आबाच्या गोळ्या."

मला कळलं नाही. मग तू त्या खडखडाटात समजावून सांगितलंस. हृदयाच्या पेशींवर जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. शरीरातलीच काही रसायनं येऊन त्या जागांवर बसतात आणि हृदयाला सांगतात, पळ, आणखी पळ. आबांचं हृदय झटक्यानंतर थकलेलं. त्याला पळवणाऱ्यांना बसू द्यायचं नाही. गोळी आधी जाते आणि जागेवर रुमाल टाकते. स्वतः काही करत नाही, पण दुसऱ्याला बसू देत नाही.

"अन् तुझं औषध?"

"माहं रुमाल नाही. माहा प्रवासी आहे. त्याची जागाबी वेगळी, तिथं बसला का हृदयाले बळ देते. अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, पेप्टाइड म्हणतात. जागेच्या मापानं बनवाची." मग जरा थांबून, "फक्त तो गाडीपर्यंत पोचत नाही."

का पोचत नाही तेही तू सांगितलंस. रक्तात अशा साखळ्या तोडणारी कात्री सतत फिरत असते. तुझं पेप्टाइड कागदावर, संगणकावर, काचेच्या भांड्यातल्या पेशींवर छान बसायचं, पण रक्तात सोडलं की चहा गार व्हायच्या आत तुकडे. मग तू त्याची दोन्ही टोकं एकमेकांना बांधून कडं केलंस, म्हणजे कात्रीला धरायला टोक सापडू नये. कडं टिकलं. पण कड्याचा आकार बदलला आणि ते जागेवर बसेना. टिकायचं ते बसत नाही, बसायचं ते टिकत नाही. एवढ्यावर तुझी पुण्यातली वर्षं गेली.

मी तेव्हाही तुझ्याशी वाद घातला. विषय मला कळत नव्हता, पण उपमा कळते. मी म्हणालो, रुमालाचं कुणाला सांगू नकोस. उपमा सांगणाऱ्याच्या हातात असते तोवर ठीक. ऐकणारा ती घरी घेऊन जातो आणि तिथं तिचं काय करतो ते आपल्याला दिसत नाही.

तू म्हणालीस, "वा मामा. साऱ्या मेहकरच्या पोट्ट्यांले तुमी उपमा शिकवली, अन् मले म्हनता उपमा नको."

"ती परीक्षेपुरती."

"मंग मी काय सांगू घरी? रिसेप्टर म्हटलं का आई मान हालवते अन् भाजीत मीठ टाकते. आबा म्हनते, बरं बरं. रुमाल सांगतला तं त्याले समजन तरी का मी तिकडं काय करून राह्यली."

हा वाद आपला संपला नाही. मध्ये मध्ये तो कुठूनही सुरू व्हायचा. फोनवर तू एखादी नवी उपमा सांगायचीस आणि मी ती फाडायचो. आता वाटतं, तुला समजावून सांगायची भूक होती. पुण्यात तुझ्या प्रयोगशाळेत तू चर्चेत एकदा 'का'च्या जागी 'काऊन' म्हणालीस आणि मागच्या बाकावर हसू फुटलं, हे तूच हसत सांगितलंस. तिथं विषय कळत होता, पण भाषा हसण्यावारी जात होती. इथं भाषा आपली होती आणि विषय पोचत नव्हता. म्हणून तू रुमाल धरलास.

*

सत्काराचा दिवस आठवतो? तुझा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला होता. निबंधाचं म्हणणं असं होतं की अशा रचनेत अडचण कुठं येते ते आम्हाला दिसलं. गजाननरावांनी त्याचं मराठीत भाषांतर 'औषध सापडले' असं केलं. शाळेच्या मैदानात मंडप, खुर्च्यांना पांढरे कपडे. एकच शाल होती, ती आधी पाहुण्यांना घातली, मग काढून तुला घातली. पहिल्या रांगेत आबा, धुतलेली टोपी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर. तुझे वडील गेल्यावर ज्यांनी तुला वाढवलं ते तुझे मोठे वडील. फोटोवाल्याला त्यांनी सांगितलं होतं, "माहा काढू नको, तिचा काढ."

तू बोललीस ते चांगलं बोललीस. 'मी औषध शोधलं नाही' इथून सुरुवात केलीस. लोकांना तो विनय वाटला. मग तू बसस्टँड उभं केलंस, रुमाल टाकलास, आणि मंडपात एकदम शांतता झाली. भाषण ऐकायची नव्हे, कळतंय म्हणून होणारी. मी मागे उभा होतो आणि मला कबूल करावं लागतं की वादात माझी बाजू त्या दिवशी पडली.

मागच्या कुणीतरी विचारलं, "ताई, जाग्यावर आधीच रुमाल असला तं तुमचं औषध कुठं बसन?"

तू म्हणालीस, "तीच जागा असली तं नाही बसत, पण..."

आणि गजाननरावांनी माईक घेतला. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. आभार, अध्यक्षीय, राष्ट्रगीत. तुझा 'पण' मंडपातच राहिला.

त्या 'पण'च्या पुढे एवढंच होतं की आबांच्या गोळ्या आणि तुझं पेप्टाइड एका जागेसाठी भांडतच नाहीत. ती वेगळी जागा. खरं तर गाडीच वेगळी. एक वाक्य. तू नंतर सांगितलं असतंस, पण कुणाला? लोक खिचडीकडे गेले होते.

आबांनी मात्र उत्तर ऐकलं होतं आणि ते घरी नेलं. त्यांनी त्याला आपलं जोडलं. आदल्या वर्षी सोयाबीनमध्ये मारलेल्या तणनाशकाचा अंश जमिनीत राहिला आणि त्यावर टाकलेला हरभरा उगवून पिवळा पडला, हे त्यांनी स्वतःच्या वावरात पाहिलं होतं. जुनं औषध निघून गेल्याशिवाय नवं पीक येत नाही. पोरीचं औषध येतंय. तर रान मोकळं करून ठेवावं. त्यांनी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. डबी मात्र रोज उघडायचे, म्हणजे तुझ्या आईला वाटावं घेतली.

पाय सुजले, आडवं झालं की दम लागायला लागला, तेव्हा ताईनं, तुझ्या आईनं, मला फोन केला. आम्ही त्यांना चिखलीला हलवलं. तू पुण्याहून तडक दवाखान्यात आलीस, पाठीवरची बॅगही न उतरवता.

"आबा, गोळ्या काऊन बंद केल्या?"

आबांच्या नाकाला नळी होती. ती बाजूला करून ते म्हणाले, "जागा खाली केली बाई. तुह्या औषधाले."

चेहऱ्यावर अपराध नव्हता. चांगलं काम केल्यावर माणूस जसा पाहतो तसं ते तुझ्याकडे पाहत होते.

तू बाहेरच्या बाकावर येऊन बसलीस. आधी हसलीस. हसणं थांबेना म्हणून तोंडावर ओढणी धरलीस, आणि मग ते हसणं राहिलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणालीस, "जिंकले मामा तुमी."

मला ते जिंकणं नको होतं.  म्हणालो, चहा घेशील का. आपल्या घरात माणसं अशा वेळी चहाच विचारतात.

*

आबा बरे होऊन घरी आले. तेव्हापासून तू रोज सकाळी पुण्याहून फोन करायचीस. "टाकला का रुमाल?" आबा म्हणायचे, "टाकला." वेगळी जागा, वेगळी गाडी, हे तू त्यांना समजावलं होतंस. पण एक गोष्ट सांगितली नव्हतीस, आणि आपलं खरं भांडण त्यावर होतं.

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात तू स्वच्छ लिहिलंस की या मार्गानं हे औषध होत नाही. जरा मऊ लिही असं तुला सुचवलं गेलं, तरी तू शब्द बदलला नाहीस. मला त्याचा अभिमान वाटला, आणि अभिमान ही माझ्या स्वभावात न बसणारी गोष्ट आहे हे तुला माहीत आहे. पण तेच वाक्य तू आबांना सांगेनास. ते विचारायचे, कवा येईन तुह्यं औषध? तू म्हणायचीस, वेळ लागन.

"हे खोटं आहे," मी म्हणालो होतो.

"खोटं काऊन? वेळ तं लागनच. माह्यामागून कुनी करन."

"त्यांना वाटतं तू करून ठेवलंय."

"मामा, परीक्षकांपुढं मी सांगू शकते. इंग्रजीत सांगते, पडद्यावर दाखवते, हे पाहा तुकडे. आबापुढं नाही होत. तो टोपी घालून पह्यल्या रांगेत बसला होता."

मग तू तोडगा काढलास. तोंडी परीक्षा झाली की पेढे घेऊन येईन आणि सांगीन. डॉक्टर झालेल्या माणसाचं ऐकतात.

मी म्हणालो, "पेढ्याबरोबर पचेल असं वाटतं का?"

तू म्हणालीस, "तुमी असताना मले दुसरा परीक्षक कायले पाहिजे?" आणि फोन ठेवलास. त्यानंतर आपण बोललो ते तुझ्या तापाबद्दल. साधा ताप आहे, मामा. डेंग्यू म्हणतात, पण साधाच. इथं लोक अजून मला विचारतात, हार्टनंच गेली का? मी डेंग्यू म्हणतो तर त्यांचा विरस होतो.

*

तुमच्या घराची एक रीत बाहेरच्या माणसाला कळायची नाही. आबा ताईचे भासरे, म्हणजे थोरले दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी थेट बोलली नाही. डोक्यावरचा पदर सावरायचा आणि तिसऱ्याला सांगायचं. तो तिसरा माणूस बहुतेक तूच. "कांचन, आबाले विचार, भाकर वाढू का." आबा दोन हातांवर बसलेले. ते म्हणायचे, "कांचन, आईले सांग, वाढ म्हना." तू मधे बसून अभ्यास करायचीस आणि निरोप न सांगताच पान वाढलं जायचं. तू पुण्याला गेल्यावर फोन हा तिसरा माणूस झाला. तू आईला सांगायचीस, आबांना सांग. आई मोठ्यानं उत्तर द्यायची आणि आबा तिकडून ऐकायचे.

तू गेलीस आणि त्या घरात निरोप न्यायला कुणी उरलं नाही.

ताई मला म्हणाली, "दादा, त्यायनं गोळ्या बंद केल्या. डबी मी पाह्यली. मी कशी सांगू त्यायले?" तिनं दारातल्या वासराला मोठ्यानं सांगून पाहिलं होतं, गोळ्या घ्याव्या लागतात म्हणून. आबा ऐकून उठून वावरात गेले.

या खेपेला गोळ्या बंद व्हायचं कारण गजाननरावांनी पुरवलं होतं. तिसऱ्या दिवशी भेटायला आले तेव्हाच ते आबांना औषध येतंय म्हणून सांगून गेले होते. तेरवीच्या जेवणाआधी शोकसभा झाली. त्यातही ते म्हणाले की डॉ. कांचनताईंचं औषध लवकरच तयार होऊन येईल आणि त्याची पहिली मात्रा आपल्या गावाला मिळावी यासाठी ते पाठपुरावा करणार आहेत. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे काहींना मधेच आठवलं, तेवढेच थांबले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभा राहिलो, आणि समोर ताई बायकांत बसली होती.

आदल्या दिवशी मी तिला म्हणालो होतो की उद्या मी खरं सांगतो. कांचनचं औषध झालेलं नाही हे लोकांना कळायला हवं, म्हणजे आबांना कळेल. ती चूल सारवत होती. हात तसाच ठेवून म्हणाली, "दादा, माह्याजवळ तेवढंच राह्यलं."

म्हणून मी सभेत तू अभ्यासू होतीस असं सांगितलं आणि खाली बसलो. अभ्यासू. तुला हा शब्द ऐकून काय वाटलं असतं ते मी इथं लिहीत नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर आबा आणि मी. समोर खांबावर तू, आणि तुझ्या खांद्यावर ती चार बोटं. आबांचे पाय मी पाहिले. घोट्यांवर सूज चढायला लागली होती. बोट दाबलं तर खळगा राहत होता. आतल्या दाराशी ताईचा पदर दिसत होता.

"आबा, गोळ्या?"

"घेईन."

"कधी?"

त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. "मास्तर, तुमाले सांगतो. मांगच्या वक्ती माही चूक झाली. तिनं सांगतलं, गाडी येगळी हाय. मानलं. पन तवा औषध आलंच नोतं. आता येऊन राह्यलं. पोट्टी तं गेली, तिचं येऊन राह्यलं ते तरी अंगाले लागलं पाहिजे का नाही? कुठं काही आडवं येऊ नोय म्हून बंद केल्या."

मी त्यांना काय सांगणार होतो? गाडी वेगळी, हे त्यांना कळलं होतं. तरी ते जागा रिकामी करत होते, तुझ्यासाठी. तुझ्या अपयशाची गोष्ट सांगितल्याशिवाय ते गोळी घेणार नव्हते. आणि ती सांगायची तर दाराआडून ताई ऐकत होती.

मी दाराकडे पाहिलं. पदर हलला नाही. मी सांगायला लागलो.

मला तुझी भाषा येत नाही. माझी तर असल्या कामाला उपयोगाची नाही. म्हणून ज्याला मी इतकी वर्षं नावं ठेवली तेच उचललं. मी म्हणालो, आबा, कांचनचा प्रवासी मेहकरच्या स्टँडवर पोचलाच नाही. दुसरबीडच्या अलीकडेच त्याचं सामान, कपडे, हातपाय, सगळं सुटं होऊन पडलं. मग तिनं त्याला बांधून काढला, तेव्हा तो पोचला, पण बांधलेल्या माणसाला बाकावर बसता येईना. ती हेच तुम्हाला सांगायला येणार होती. परीक्षा झाली की.

"पेढे घिऊन," आबा म्हणाले.

मी चमकलो.

"मले म्हने, आबा, पेढे घिऊन येतो अन् एक गोष्ट सांगतो. म्या म्हनलं, आता सांग. तं म्हने, नाही, पेढ्यासंग." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मले वाटलं, लग्नाचं असन."

 रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"म्हंजे झालं नाही तं."

"नाही झालं."

"अन् तिनं तसं लिहून देल्लं?"

"हो. तिला म्हणाले होते, थोडं मऊ लिही. तिनं नाही ऐकलं."

"नाही ऐकनार ते," आबा म्हणाले, आणि त्या एका वाक्यात सत्काराच्या दिवशीचा चेहरा क्षणभर परत आला. मग तो गेला. ते फ्लेक्सकडे पाहत म्हणाले, "मंग रुमाल टाकून जागा धरू तं कोनासाठी धरू, मास्तर? बसनारं तं कोनी येत नाही."

 

दाराचा पदर हलला. ताई बाहेर आली. तिच्या एका हातात पाण्याचा लोटा होता, दुसऱ्या हातात गोळ्यांची डबी. मला वाटलं ती मला देईल आणि म्हणेल, दादा, त्यायले दे. तिनं लोटा आबांच्या पुढ्यात ठेवला, डबी त्याच्याशेजारी ठेवली आणि पदर न ओढता, त्यांच्याकडे पाहून म्हणाली,

"मी हाव ना घरात. घ्या."

आबांनी एकदम मान खाली घातली. इतक्या वर्षांत भावजयीचा आवाज त्यांच्याकडे वळून आला नव्हता. त्यांनी डबी उघडली.

*

फ्लेक्सवरची संजीवनी काढा, असं मी गजाननरावांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, आता छापलं सर, पुढच्या वेळी दुरुस्त करू. पुढची वेळ म्हणजे कोणती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

सारं नीट झालं असं मी तुला सांगत नाही. आबा गोळ्या घेतात असं ताई म्हणते. सूज पूर्ण उतरलेली नाही. ते वावरात जात नाहीत. ताई रडते ती मी निघाल्यावर, हे मला शेजारच्यांकडून कळतं. तेवढंच राहिलं होतं म्हणाली होती, तेही मी घेतलं. त्यावर ती माझ्याशी काही बोललेली नाही, आणि बोलेल असं वाटत नाही. मी तुझं म्हणणं पूर्ण केलं की तुझं काम तुझ्या हातून काढून घेतलं, हेही मला ठरवता येत नाही. तू पेढे घेऊन आली असतीस तर कसं सांगितलं असतंस? माझ्यापेक्षा बरं, एवढं नक्की.

एक अडचण मात्र राहिली आहे, आणि ती तुझ्याशिवाय सुटत नाही.

ताई आता रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारते, "टाकला का?" आबा म्हणतात, "टाकला." आणि मग उठत नाहीत. हातातला लोटा तसाच धरून थांबतात, पुढं काहीतरी यायचं असल्यासारखे. ताई म्हणते, ते तिच्या तोंडाकडे पाहतात आणि तिला काही सुचत नाही. तिनं मला विचारलं, "दादा, 'टाकला' म्हटल्यावर कांचन फोनात काय म्हने?" मला माहीत नव्हतं.

परवा मी गेलो तेव्हा आबांनाच विचारलं. त्यांनी लोटा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाले,

"ते आमचं होतं, मास्तर."